बिनकुंपणाचे पक्षी उद्यान

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी भिगवणला थांबतो तो बहुधा मासळीसाठी. उजनीच्या जलाशयातली ताजी मासळी आणि तिच्यासाठी नावाजलेली रस्त्याकडेची हॉटेले ही या गावाची जुनी ओळख. गेल्या काही वर्षांत तिच्यात आणखी एक भर पडली आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात शनिवार-रविवारच्या पहाटे मोटारी महामार्ग सोडून कुंभारगाव आणि डिकसळकडे वळतात आणि एखाद्या घराच्या अंगणात येऊन थांबतात. त्या घरातला तरुण पाहुण्यांना होडीत बसवून पाण्यावर नेतो. दोन तासांनी परतल्यावर त्याच घरात भाकरी आणि मासळीचे कालवण मिळते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, चित्रबलाक, चक्रवाक, पट्टकदंब असे नाना पक्षी पाहून झाल्यावर पैसे द्यायचे ते घरधन्याच्या हाती. याला पक्षी उद्यान म्हणावे तर येथे ना पिंजरा आहे ना कुंपण. नवल याचे की, या घरगुती व्यवसायाचे जे मूळ भांडवल, पक्षी आणि पाणी, त्यातले काहीच त्या कुटुंबाच्या मालकीचे नाही.

वरवर पाहणाऱ्याला हा 'आयत्या बिळावर नागोबा' असा प्रकार वाटेल. दुसऱ्याच्या धरणावर दुसऱ्या देशातून आलेले पक्षी दाखवून पैसे मिळवायचे, मग कष्ट ते कसले? या व्यवसायाचा इतिहास ध्यानात घेतला तर मात्र ही समजूत टिकत नाही. बीळ या लोकांचेच होते. ते पाण्याखाली गेले.

भीमेवरील उजनी धरणाची पायाभरणी १९६६ साली यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाली आणि धरण १९८०मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पण तिच्यामागे साठलेले पाणी इंदापूर, करमाळा, कर्जत अशा तालुक्यांच्या नदीकाठावर पसरले. जलाशयाला 'यशवंतसागर' असे नाव मिळाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या धरणाने सोलापूर जिल्ह्याच्या शेतीचे रूप पालटले, हे कोणी नाकारणार नाही. त्याचे मोल मात्र नदीकाठच्या ज्या गावांनी मोजले त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न वेगळा आहे. नदीची काळी, मळईची जमीन गेली. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की त्याचे शिखर आणि सभामंडप वर येतात आणि वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे छापली जातात. डिकसळ हे तर रेल्वेच्या इतिहासातले गाव. १८५८ साली पुण्याच्या पुढे निघालेला लोहमार्ग पहिल्या टप्प्यात येथवर येऊन थांबला होता. धरणाचा पाया घातला गेला १९६६ साली आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला १९७६ साली. या दहा वर्षांच्या अंतरात ज्यांची घरे उठली, त्यांना कायद्याचे संरक्षण किती आणि केव्हा पोहोचले असेल, याचा अंदाज कोणीही करू शकेल.

काठावर उरलेल्या एखाद्या घराची तीन पिढ्यांची कथा साधारणतः अशी दिसते. आजोबा नदीकाठी शेती करीत. जमीन बुडाल्यावर काहीजण दूरच्या पुनर्वसित गावी गेले, काहीजण उंचावरच्या माळावर घरे बांधून तेथेच राहिले. वडिलांच्या हाती नांगराऐवजी जाळे आले. भोई समाजाचा तो परंपरागत धंदा होताच. इतरांनी तो पाहून पाहून उचलला. होडी घेण्याची ऐपत नसलेला माणूस हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरू लागला. आरंभी मासळी चांगली मिळे. पुढे चिलापी माजली, देशी मासे कमी होत गेले आणि बारीक छिद्रांच्या जाळ्यांनी पिल्लेदेखील उपसली जाऊ लागली. याच काळात जलाशयाच्या वरच्या टोकाला, जेथे पाणी उथळ आणि गाळ भरपूर, तेथे हिवाळ्यात पक्ष्यांची संख्या वाढली. कच्छच्या रणात वीण घालणारे रोहित आणि हिमालय ओलांडून मध्य आशियातून येणारे पट्टकदंब यांना धरण कोणी कशासाठी बांधले याच्याशी कर्तव्य नव्हते. गुडघाभर पाणी आणि त्याखालचा चिखल एवढ्यावर त्यांचा पाहुणचार भागत होता.

पुण्यातले पक्षीनिरीक्षक प्रथम आले ते दुर्बिणी घेऊन. पाण्यात जाण्यासाठी त्यांना होडी हवी होती आणि होडी मच्छिमाराकडे होती. रोहितांचा थवा सकाळी कोठे उतरतो आणि वारा फिरला की कोठे सरकतो, हे ज्ञानही मच्छिमाराकडेच होते. शहरातून आलेल्यांनी त्याला नावे दिली. आज त्या घरातला मुलगा पक्ष्याचे मराठी नाव सांगतो, इंग्रजी सांगतो आणि कधी शास्त्रीयही सांगतो. पुढे कॅमेरे स्वस्त झाले, महामार्ग चौपदरी झाला आणि पाहुण्यांची संख्या वाढली. मग घरातल्या स्त्रियांनी जेवणाची बाजू सांभाळली, एखादी खोली मुक्कामासाठी निघाली, आणि रस्त्यावर पाटी लागली. यात कोणतीही सरकारी योजना नव्हती, बँकेचा मोठा कर्जपुरवठा नव्हता. शेजारच्या बारामती तालुक्यात पळशीवाडी येथे २००५मध्ये कृषिपर्यटनाचा प्रयोग सुरू झाला आणि राज्याचे कृषिपर्यटन धोरण २०२०मध्ये आले. कुंभारगावच्या घरांना मात्र त्या धोरणातही नेमकी जागा सापडत नाही, कारण त्या धोरणाच्या केंद्रस्थानी शेती आहे आणि यांची शेती तर धरणाने घेतलेली.

या व्यवसायाच्या शेजारी दुसऱ्या एका 'पक्षी व्यवसाया'चे उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. काही वर्षांपूर्वी इमू या ऑस्ट्रेलियन पक्ष्याच्या पालनाची महाराष्ट्रात आणि दक्षिण भारतात लाट आली होती. तेल, मांस, पिसे, कातडी अशा सगळ्यांना मागणी असल्याचे सांगितले जाई. जोडी विकत घ्या, पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ, असे आश्वासन मिळे. शेतकऱ्यांनी कर्ज काढून कुंपणे घातली. २०१२ साली तामिळनाडूतील पेरुंदुराई येथील एका मोठ्या कंपनीचा डोलारा कोसळला आणि तोवर साऱ्यांच्या लक्षात आले की, इमूला मागणी होती ती मुख्यतः नव्याने इमू पाळू पाहणाऱ्यांची. पक्षी खाऊ घालण्याचा खर्च रोजचा, गिऱ्हाईक कोणी नाही, अशी अवस्था झाली. रस्त्याकडेला पिंजरे मांडून तिकीट लावण्याचा मार्गही आता सोपा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपटसुद्धा पाळता येत नाही, आणि १९९१च्या दुरुस्तीपासून प्राणिसंग्रहालयाला केंद्रीय प्राधिकरणाची मान्यता लागते. म्हणजे ज्यांनी पक्षी विकत घेऊन कोंडले ते बुडाले आणि ज्यांच्या मालकीचे एक पीसही नाही ती घरे तगली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने यावर जरूर विचार करावा.

अर्थात तगली म्हणजे सुखरूप आहेत असे नव्हे. त्यांच्या उत्पन्नाच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या हाती आहेत. पहिली किल्ली पाण्याच्या पातळीची. उजनीच्या एकूण साठ्यापैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा मानला जातो. वरचे सुमारे ५३ टीएमसी हे उपयुक्त पाणी. धरण 'उणे' टक्क्यांत गेले असे आपण वाचतो तेव्हा मृतसाठ्याला हात लागलेला असतो. २०२४च्या उन्हाळ्यात ही पातळी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली, म्हणजे मृतसाठ्यातलेही सुमारे ३२ टीएमसी पाणी संपले होते. याउलट पावसाळा भरपूर झाला आणि धरण तुडुंब राहिले, तर काठाचे पाणी खोल राहते, चिखल उघडा पडत नाही आणि रोहित उशिरा येतात. पाणी केव्हा आणि किती सोडायचे हे ठरविताना सोलापूरचे पिण्याचे पाणी, ऊस, औद्योगिक वसाहती यांचा विचार होतो, आणि तो व्हायलाही हवा. तथापि त्या हिशोबात काठावरच्या होडीवाल्याची नोंद कोठेच नाही.

दुसरी किल्ली पुण्याकडे आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते आणि भीमा ते उजनीत आणून टाकते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील सांडपाण्याचा जो भाग शुद्ध न होता नदीत जातो, त्याचा शेवटचा मुक्काम हा जलाशय आहे. पाण्यावर हिरवा थर येतो, जलपर्णी पसरते, होडी वल्हवणे अवघड होते. ज्या शहरातून पाहुणे पक्षी पाहायला येतात त्याच शहराचे सांडपाणी त्यांच्या आधी येथे पोहोचलेले असते! पाहुणा होडीचे भाडे देतो, जेवणाचे पैसे देतो. आपल्या गटाराचे बिल मात्र देत नाही. बाह्य खर्च म्हणून पाठ्यपुस्तकात जो धडा असतो, त्याला याहून स्वच्छ (हा शब्द येथे वापरणे थोडे विचित्रच) उदाहरण मिळणे कठीण.

तिसरी अडचण घरांच्या आपसातली आहे आणि तिच्याकडे सहानुभूतीपोटी डोळेझाक करून चालणार नाही. कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्याला थवा उडताना हवा असतो. 'जरा आणखी जवळ घ्या' ही मागणी प्रत्येक होडीत होते. एका होडीवाल्याने नकार दिला तर पाहुणा पुढच्या वेळी शेजाऱ्याकडे जातो. थवा दिवसातून दहा वेळा उठवला गेला तर पक्ष्यांचे खाणे मोडते, आणि अखेरीस ते ती जागा सोडतात. नुकसान सर्वांचे होते, लाभ मात्र जवळ गेलेल्या एकट्याचा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाचे जे दारुण भवितव्य वर्तविले ते हेच. पण हार्डिन यांच्यापाशी थांबणारा अर्धेच वाचतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, मासेमारीची क्षेत्रे, पाटबंधारे तपासून दाखवून दिले की, वापरणारे लोक आपले नियम आपण करू शकतात आणि पाळूही शकतात. अट एवढीच की, नियम करण्याचा त्यांचा हक्क सरकारने मान्य केला पाहिजे. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. महाराष्ट्राला हे शिकायला अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. धुळ्याकडच्या पांझरेवरील फड पद्धतीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या पाळ्या आपसात ठरवीत आले. बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरीच्या दशकात पाणी पंचायत उभी केली, ती पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता घरातल्या माणसांवर ठरवून. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क, हे तिचे तत्त्व. जलाशयाच्या काठावरचा होडीवाला हा आज नेमका त्या भूमिहीनाच्या जागी आहे.

त्याला हक्क नाही म्हणजे काय, हे स्पष्ट करायला हवे. पाणी आणि बुडीत जमीन पाटबंधारे खात्याची, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, पक्षी वन खात्याचे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन धरणग्रस्तांना हंगामापुरती कसायला देण्याची पद्धत आहे, आणि ती न्याय्यही आहे. पण तोच गाळ पक्ष्यांचेही ताट आहे. एका खात्याचा निर्णय दुसऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. पाहुण्यांना होडीतून नेणे हा उद्योग तर यांपैकी कोणाच्याच चौकटीत सरळ बसत नाही. त्यामुळे तो खपवून घेतला जातो. आणि खपवून घेतलेली गोष्ट उद्या बंदही करता येते.

२१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळात उलटली आणि सहाजण बुडून मृत्यू पावले. त्यांत लहान मुलेही होती. ती होडी पक्षी दाखविणारी नव्हती, धरणामुळे तुटलेल्या दोन काठांना जोडणारी होती. पण पाणी तेच, वारा तोच. अशा दुर्घटनेनंतर सरकारी यंत्रणेची पहिली प्रतिक्रिया बंदीची असते. बंदी काही दिवस टिकते, मग लोकांची गरज तिला वळसा घालते आणि सारे पूर्ववत चालू होते, तेही पूर्वीइतकेच असुरक्षित. होडीची दरवर्षी तपासणी, किती माणसे बसवायची याची मर्यादा, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, आणि वारा सुटला की होडी काठाला, एवढे नियम खर्चाचे नाहीत. परंतु ज्या होडीवाल्याची कोठे नोंदच नाही त्याला नियम लावणार कोण?

मग जलाशयाला पक्षी अभयारण्य जाहीर करून टाकावे, असा आग्रह काही निसर्गप्रेमी धरतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण उजनीच्या पलीकडच्या काठावरच त्यांनी थोडी चौकशी करावी. १९७९ साली माळढोकसाठी सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत जे अभयारण्य झाले, त्याचे क्षेत्र होते जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर. करमाळा, माढा, कर्जत या तालुक्यांतील खाजगी शेते आणि गावे त्यात आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून रस्त्यापर्यंत प्रत्येक गोष्ट परवानगीत अडकली. ज्या पक्ष्याचा लोकांना अभिमान वाटावा त्याचे नाव लोक त्राग्याने घेऊ लागले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आले. आज नान्नजलाही माळढोक अपवादानेच दिसतो. त्याच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष अभयारण्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण भोवतालच्या माणसांना शत्रू करून पक्षी वाचला नाही, एवढे तर दिसतेच.

दुसऱ्या टोकाचा धोका अधिक आकर्षक वेषात येतो. उजनीवर जलपर्यटनाचे मोठे आराखडे करण्याची चर्चा वेळोवेळी होते. धक्का, उपाहारगृह, वेगाच्या यांत्रिक बोटी आणि मग चालविण्यासाठी निविदा, ही त्याची ठरलेली वाट. निविदेला अनामत रक्कम लागते. ती भरण्याची ताकद कुंभारगावच्या घरात नाही, पुण्या-मुंबईच्या कंत्राटदारात आहे. असे झाले तर ज्यांची जमीन एकदा धरणासाठी गेली त्यांचे पाणी दुसऱ्यांदा पर्यटनासाठी जाईल आणि त्याच घरांतली मुले कंत्राटदाराच्या बोटीवर मजुरी करतील.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सायकलरिक्षावाल्यांना पक्ष्यांची माहिती देऊन मार्गदर्शक केले गेले, आणि पाहुणे आजही त्यांच्याच रिक्षातून हिंडतात. ओडिशातील चिल्का सरोवराच्या काठी मंगलाजोडी गावात पूर्वी पक्ष्यांची सर्रास शिकार चाले. २०००च्या सुमारास तेथील शिकाऱ्यांनाच रक्षणाच्या कामात घेतले गेले आणि नंतर तेच लोक बांबूने रेटत होड्या नेऊ लागले, यंत्राविना. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने त्या गावाच्या कामाची दखल घेतली. कुंभारगावचे काम तुलनेने सोपे आहे, कारण येथे शिकाऱ्याचे मन वळवायचे नाही.

लोकांनी ठरवले तर पक्षी कायद्यावाचूनही राहतात, याचा दाखला खुद्द इंदापूर शहरात आहे. मालोजीराजांच्या गढीत, जुन्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक वर्षानुवर्षे घरटी करीत आले आहेत. खाली सातबाराचे उतारे घेणाऱ्यांची गर्दी आणि वर पिल्लांचा कलकलाट, असे ते दृश्य. खालच्या वर्दळीला ते पक्षी बुजले नाहीत आणि त्यांच्या घाणीचा त्रास होतो म्हणून चिंचाही तोडल्या गेल्या नाहीत. भादलवाडीच्या ब्रिटिशकालीन तलावातही त्यांची मोठी वसाहत असते. मात्र तलावात पाणी असेल तरच.

तेव्हा मागणी मोठी नाही. काठावरच्या गावांतील धरणग्रस्त आणि मच्छिमार कुटुंबांची एक सहकारी संस्था व्हावी आणि पक्षी दाखविण्यासाठी होडी चालविण्याचा परवाना तिच्यामार्फतच मिळावा. होड्यांची संख्या, थव्यापासूनचे अंतर, पाळी आणि भाडे हे तिने ठरवावे; अंतर मोडणाऱ्या होडीला आठवडाभर घरी बसविण्याचा अधिकारही तिलाच असावा. मोटार लावलेल्या बोटींना उथळ भागात मज्जाव असावा. पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय आणि वन या तिन्ही खात्यांनी वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, तिच्याबरोबर एका टेबलाशी बसून त्या हंगामाच्या पाण्याचा आणि गाळपेराचा अंदाज सांगावा. हे सारे दिवाळीपूर्वी उरकले पाहिजे. दिवाळी झाली की पाणी मागे सरू लागते, काठावर चिखलाची पहिली पट्टी दिसते, आणि पहाटे पाचला अंगणात पहिली मोटार येऊन उभी राहते. मग घरातल्या कोणालाच बैठकीला जायला सवड नसते.